बिनचकाकीची टाकी

इंदापुरात आमचं भांड्यांचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी मला भांड्यांवर नावं टाकायच्या मशीनवर बसवलं, ती मी अजून उठलेली नाही. लग्नात द्यायची ताटं, वास्तुशांतीच्या वाट्या, बारशाचे पेले, सगळ्यांवर कुणाकडून कुणाला ते कोरायचं. सुईचा तो किर्र आवाज आता माझ्या कानांना जाणवतसुद्धा नाही. कुठं जेवायला गेले आणि पुढ्यात आमच्या दुकानातलं ताट आलं, की मी आधी काठावरचं अक्षर बघते आणि मग भाजीकडं वळते. आमचे मालक म्हणतात, हिला जेवायला नेणं म्हणजे मास्तरणीला वह्या तपासायला नेणं.

इतकी वर्षं भांडी विकली की माणसाचा एकाच गोष्टीवर विश्वास बसतो, आणि ती म्हणजे चकाकी. बाई दुकानात येते, पातेलं उचलते, हातात वजन बघते, बोटाच्या पेरानं वाजवते आणि शेवटी त्यात स्वतःचं तोंड बघते. तोंड स्वच्छ दिसलं की पातेलं गेलंच समजा. मध्यंतरी एका विक्रेत्यानं फार गळ घातली म्हणून मी मॅट फिनिशचे डबे ठेवले होते. राखाडी, धुरकट, हात फिरवला तर मऊ लागणारे. बायका विचारायच्या, हे वापरलेले आहेत का हो? दोन वर्षं ते वरच्या फळीवर धूळ खात पडले आणि शेवटी मीच त्यांत घरच्या डाळी भरल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्याच्या मुळाशी माझी ही दुकानदारी अक्कलच होती.

माझं माहेर पणदऱ्याचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीस वर्षं मोटारसायकलवरून दूध घातलं. आमच्या दोन गाईंचं आणि कालव्याकडेच्या सात-आठ वस्त्यांवरचं दूध दोन किटल्यांत गोळा करायचं आणि केंद्रावर पोचवायचं. सकाळी सहाला गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की आमचं घर उठायचं. पाऊस असो, थंडी असो, त्यात खंड नाही. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ते दूध घालून आले होते. वऱ्हाडाला आधी किटल्या लावलेली गाडी दिसली आणि तिच्यावरून उतरणारा गृहस्थ आपला व्याही आहे, हे जरा वेळानं कळलं.

गाडी जुनी आणि वजनदार. टाकीचा हिरवा रंग गुडघे घासून घासून दोन्ही बाजूंनी निघून गेला होता आणि त्या जागी पत्रा काळपट झाला होता. मला त्या टाकीची लाज वाटायची. भांड्यांच्या दुकानदारणीच्या बापाची टाकी अशी? चार वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला मी हट्टानं ती उतरवून घेतली, पुण्याला पाठवली आणि तिच्यावर क्रोमचं पाणी चढवून आणलं. पाणी चढवायच्या आधी बुडाशी, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, माझ्या मशीननं कोरलं: आबांना, लेकीकडून. टाकी परत बसवली तेव्हा तिच्यात आख्खं आभाळ दिसत होतं. वस्तीवरची माणसं बघायला आली. आबांनी तिच्यावरून हात फिरवला आणि लई झ्याक झालीया म्हणाले. मी इंदापूरला परत जाताना एसटीत गाल दुखेपर्यंत हसत होते.

बाराव्या दिवशी आबा पडले.

कालव्याच्या वळणावर, सकाळी साडेसातच्या सुमाराला, सरळ भरावावरून खाली गेले. दोन्ही किटल्या सांडल्या, टाकी दगडावर आपटून शिवणीत फुटली आणि आबांच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं. आयुष्यभर त्याच वळणावरून गेलेला माणूस. काय झालं म्हणून ज्यानं त्यानं विचारलं, आणि आबांनी सगळ्यांना एकच सांगितलं, डुलकी लागली. दिवसाची डुलकी ज्याला कधी माहीत नव्हती त्या माणसानं हे सांगितलं आणि आम्ही ते मानलंही. वय झालं, लोक म्हणाले. आम्हीही तेच म्हणालो.

मांडीत रॉड घातला. वर्षभरात डॉक्टरांनी हाड जुळल्याचं सांगितलं, चाला-फिरा, गाडीसुद्धा चालवा म्हणाले. आबा घरी आले, ओट्यावरच्या खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. गाडी गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली गेली. मी पहिल्याच महिन्यात म्हटलं होतं, टाकी जोडून घेऊ, परत तसंच क्रोम करून आणते, अगदी होती तशी. आबा म्हणाले, राहू दे. पुढं कुणीही गाडीचा विषय काढला की त्यांचं उत्तर ठरलेलं, टाकी फुटलीया. शेतात चला म्हटलं, बाजारला चला म्हटलं, भाचीच्या लग्नाला चला म्हटलं, तरी टाकी फुटलीया.

बाकीच्या वस्त्यांचं दूध टेंपोवाल्याकडं गेलं. पण टेंपो आमच्या कच्च्या वाटेनं आत येत नाही. आमचं आणि शेजारच्या दोन घरांचं दूध आई डोक्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत चालत न्यायची. पासष्टीची बाई, रोज दोन खेपा. ती फाटकातून बाहेर पडताना आबा तोंड दुसरीकडं वळवायचे. मी माहेरी गेले की हे बघायचे आणि माझा जीव तुटायचा. गाडीवरून उतरलेला माणूस हळूहळू सगळ्यातूनच उतरत चालला होता. ते परत गाडीवर बसले नाहीत तर त्या खुर्चीतून कधीच उठणार नाहीत, ही भीती मला बोलून दाखवता येत नव्हती. म्हणून मी गेल्या वर्षी ठरवलं, टाकी फुटलीय ना, मग नवीन टाकी करू. बघू मग काय सांगतात.

बारामतीत जळोचीच्या अलीकडं एक मिस्त्री आहेत. दूध थंड करायच्या स्टेनलेसच्या मोठ्या टाक्या बनवणं हा त्यांचा मूळ धंदा, पण हौशी पोरांच्या मोटारसायकलींना मनासारख्या टाक्या करून देण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. मी फुटकी टाकी माप म्हणून घेऊन गेले. मिस्त्रींनी ती उलटीसुलटी करून बघितली, बुडाचं कोरलेलं वाचलं. मग भिंतीवरच्या खिळ्याची एक तार काढून माझ्यापुढं धरली. तारेत तळहाताएवढ्या पट्ट्या ओवलेल्या होत्या. एक आरशासारखी घासलेली, एक केसांसारख्या बारीक रेघांची, एक काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून चमक मारलेली मॅट, एक पितळी, एक लखलखीत तांब्याची, आणि एक तांब्याचीच पण औषधानं काळपट मुरवलेली.

मी पट्ट्या हातात घेतल्या आणि सवयीनं प्रत्येकीत तोंड बघायला लागले. मिस्त्री हसले. त्यांची पद्धत अशी की फिनिश दुकानात ठरवायचाच नाही. गाडीच्या मालकाला गाडीवर बसवायचं, पट्टी टाकीच्या जागी धरायची आणि त्याच्या तोंडाकडं बघायचं. मी सांगितलं, मालक येणार नाहीत, मीच ठरवणार. त्यांना ते पटलं नाही. तरी पट्ट्या घरी नेऊन दाखवा, एवढं तरी करा म्हणाले.

तार मी पणदऱ्याला नेली. आबांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तुला आवडंल ती कर, म्हणाले आणि मोबाइलवरचं कीर्तन मोठं केलं. मी रागानं तार ओट्यावरच्या खुंटीला अडकवली आणि माझी मी निवड केली. आरसा करायचा मोह फार होता, पण आबांच्या वयाला जरा पोक्त काहीतरी शोभेल असं वाटलं. तांबं मुरवलेलं. कडांना थोडी झळाळी, मधे गर्द. फोनवर तसल्या गाड्यांची चित्रं मी आठवडाभर बघत होते. आमच्या मालकांना दाखवली तर म्हणाले, तुझे आबा दूध घालतात की लग्नात वराती काढतात? मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

टाकी झाली ती नवरात्रात. आतून दुधाच्या टाकीचाच स्टेनलेस पत्रा, वरून तांब्याचा थर, आणि तो थर औषधानं इतका सुंदर काळवंडवलेला की मला दुकानातली सगळी भांडी फिकी वाटायला लागली. मिस्त्रींनी पारदर्शक लेपाचा शेवटचा हात मुद्दाम दिला नव्हता. एकदा तो दिला की बदल नाही, तेव्हा आधी मालकाला गाडीवर लावून दाखवा, आणि ओल्या हातानं शिवू नका, असं त्यांनी तीनदा बजावलं. मी टाकी जुन्या साडीत गुंडाळली आणि पणदऱ्याच्या एसटीत मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, नातू का नात? मी साडीचा पदर बाजूला करून दाखवलं तर बिचारी पुढच्या स्टॉपपर्यंत गप्पच झाली.

संध्याकाळी आबांनी टाकीकडं एकदा पाहिलं. बरं हाय म्हणाले आणि जेवायला बसले. मी ती ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. उद्या सकाळी गाडीवर लावून दाखवू असं मनाशी म्हटलं आणि झोपले.

दुसरा दिवस अष्टमीचा. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडं घरातली सगळी हत्यारं आणि तांब्या-पितळेची भांडी अंगणात निघतात. कोयते, खुरपी, विळे, देवाची भांडी, आणि पाणी तापवायचा तांब्याचा मोठा बंब. आई पहाटेपासून धुण्याच्या दगडाशी बसते, एका हातात चिंच, दुसऱ्या हातात राखेत बुडवलेला काथ्या. बंब घासून झाल्यावर तिची नजर ओट्याच्या कोपऱ्यात गेली. तिथं काळं पडलेलं तांबं होतं.

मी उठून अंगणात आले तेव्हा काम संपलं होतं. बंबाशेजारी माझी टाकी दगडावर वाळत होती. औषधानं मुरवलेला सगळा काळा थर चिंचेनं खाल्ला होता आणि टाकी नव्या पैशासारखी लालभडक चमकत होती. काठांशी तर तांबंही उडून खालचा पांढरा पत्रा दिसत होता. आई कमरेवर हात ठेवून अभिमानानं माझ्याकडं बघत होती.

"बघ की," ती म्हणाली. "मेल्यानं किती दिवस घासली न्हवती कुणास ठाव. लई कळकटली व्हती."

माझं डोकं असं फिरलं की मी भर अंगणात ओरडले. हे मुद्दाम काळं केलं होतं, कारागिराचे पाच दिवस गेले, कुणाला विचारायचं तरी. आईला काही समजेना. मुद्दाम काळं कुणी कशाला करंल, हा तिचा प्रश्न होता. बोलता बोलता मी टाकी उचलली आणि आबांना दाखवायला त्यांच्याकडं वळवली.

गोठ्यावरून ऊन नुकतंच अंगणात उतरलं होतं. ते टाकीवर पडलं आणि तिथून सरळ आबांच्या तोंडावर गेलं.

आबा खुर्चीत दचकले. नुसते दचकले नाहीत, त्यांचा डावा हात डोळ्यांवर गेला, अंग एका बाजूला झुकलं आणि उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर अशी आवळली गेली, जशी ब्रेकवर आवळतात. खुर्ची कलंडता कलंडता राहिली. आईनं हातातला काथ्या टाकला.

"झाका ते," आबा म्हणाले. "आदी झाका."

मी टाकी पदराखाली घेतली. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. सकाळचे साडेसात. कालव्याचं वळण, जिथं दोन्ही बाजूंचा पुरुषभर उंच ऊस संपतो आणि सावलीतून गाडी एकदम उगवतीसमोर येते. आणि बारा दिवस आधी मी त्यांच्या मांड्यांमध्ये ठेवलेला आरसा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ओट्याच्या पायरीवर बसले आणि विचारलं, आबा, त्या दिवशी डुलकी लागली नव्हती ना?

आबांनी सांगितलं, माझ्याकडं न बघता. टाकी बसवली त्या दुसऱ्याच दिवशी त्यांना कळलं होतं की सकाळच्या उन्हाला ती डोळ्यात मारते. चार दिवस त्यांनी टाकीवर पोतं टाकून गाडी चालवली. मग कुणीतरी वाटेत थट्टा केली, लेकीनं दिलेलं झाकतोस व्हय आबा. ते त्यांना लागलं आणि त्यांनी पोतं काढलं. दिवाळी जवळ आली होती. मला भाऊ नाही, भाऊबीजेला मी आबांनाच ओवाळते; त्यासाठी येणार होते.

"म्हटलं, पोरगी यील, बघंल, खूश हुईल," आबा म्हणाले. "ती गेली की लावू काळा रंग. पंधरा दिसांचा तर प्रश्न व्हता."

मी विचारलं, मग पडल्यावर तरी का नाही सांगितलं? सगळ्या गावानं तुम्हाला डुलकी घेणारा ठरवलं.

"तू हौसेनं केलं व्हतंस. डुलकीचं काय, कुणालाबी लागती."

मी रडले. पदराखाली टाकी होती त्यामुळं डोळे पुसायलाही काही मोकळं नव्हतं. तीन वर्षं मी माहेरी येऊन या माणसाला हिंमत द्यायचे, आबा भिऊ नका, आबा वय काय फार नाही. आणि ते माझं सगळं ऐकून घ्यायचे. वर मी पहिल्याच महिन्यात सांगून बसले होते की परत तसंच क्रोम करून आणते. त्यांनी काय करावं? खरं सांगितलं तर मला बोल लागणार, आणि न सांगता गाडी चालवायची तर पुन्हा तोच आरसा घेऊन त्याच वळणावर जायचं. त्यांनी खुर्ची निवडली होती.

आईनं हे सगळं उभ्यानं ऐकलं. तिलाही आजच कळत होतं. ती काय बोलेल याची मला भीती वाटली, पण ती आबांना एवढंच म्हणाली की तीन वर्षं डोक्यावर दूध मी वाहिलंय, मला तरी सांगायचं. आबांनी मान खाली घातली. मग ती मला म्हणाली, आता रडून टाकी खराब करू नको, चिंच लागलीया तिला, धुवून ठेव. आणि बंब उचलून आत गेली.

मला वाटलं, झालं, आता गाडीचं नावच नको. खंडेनवमी झाली, हत्यारांची पूजा झाली, ताडपत्री काढून गाडीलाही आईनं हळदकुंकू वाहिलं आणि हार घातला. टाकीच्या जागी नुसती मोकळी नळी होती, तिच्यावरच तिनं आंब्याचा डहाळा खोचला. दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी इंदापूरला निघायची तयारी करत होते, तर आबांची हाक आली. मिस्त्रीच्या त्या पट्ट्या कुठं हायत?

तार अजून खुंटीलाच होती. मी ती घेऊन बाहेर आले तर आबा खुर्चीत नव्हते. काठी टेकत ते गाडीपर्यंत गेले होते आणि गोठ्याचा खांब धरून उभे होते. गाडीचं तोंड उगवतीकडं करा म्हणाले. आईनं आणि मी मिळून गाडी वळवली. मग त्यांनी काठी आईच्या हातात दिली, खांब घट्ट धरला आणि उजवा पाय उचलला. पाय सीटपर्यंत पोचला नाही, खाली आला. मी पुढं झाले तर आईनं माझा दंड धरला. दुसऱ्या वेळी पाय सीटला घासत पलीकडं गेला. आबा गाडीवर बसले होते.

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी तारेतून पट्ट्या मोकळ्या करत बसले. एकेक पट्टी ते घेत, टाकीच्या जागी तिरपी धरत, समोरच्या उन्हाकडं बघत आणि मग खाली बघत. हँडल धरल्यासारखे पुढं झुकून बघत, मग सरळ बसून. आरशाची पट्टी त्यांनी लगेच परत केली. पितळी आणि तांब्याचीही. बारीक रेघांची पट्टी जरा वेळ धरली आणि म्हणाले, ही एका अंगानं गप बसती, पण वळली की मारती. मला आयुष्यात असं पातेलं कुणी निवडलेलं दिसलं नव्हतं. आमच्या दुकानात लोक भांड्यात स्वतःला बघतात. आबा रस्ता बघत होते.

शेवटी मॅट पट्टी. राखाडी, धुरकट, माझ्या डाळींच्या डब्यांसारखी. आबांनी ती उन्हात धरली, वळवली, पुन्हा वळवली. ऊन तिच्यावर पडत होतं आणि तिथंच थांबत होतं.

"ही," ते म्हणाले. "सकाळच्याला उगवतीकडं जायचं म्हंजी हीच बरी."

ते सहज बोलून गेले. जायचं, म्हणाले. मी आईकडं पाहिलं, आई माझ्याकडं. आबांना ते कळलंही नसावं, कारण ते पट्टीवर अंगठा घासून आता गुडघ्याला कशी लागेल ते बघत होते. निवड झाली तरी ते खाली उतरले नाहीत. चहा हितंच आण म्हणाले. मी तिथंच नेऊन दिला, आणि सीटवर बसून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, त्यांनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला. माझी सकाळची एसटी गेली. मी जाऊ दिली.

मिस्त्रींना टाकी परत नेऊन दिली तेव्हा मी आईचं काम त्यांना सांगितलं. ते इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मग मी बाकीचंही सांगितलं, तेव्हा हसायचे थांबले. तांबं पूर्ण उतरवून खालच्या स्टेनलेसलाच मॅट करतो म्हणाले, त्याला रंग नको, पाणी नको, आणि आईंनी कितीही चिंच घासली तरी काही होणार नाही. मालकाला गाडीवर बसवून विचारलं असतं तर हे सगळं टळलं असतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मी त्यासाठी त्यांची आभारी आहे.

टाकी दिवाळीच्या आधी आली. आबांनी ती उलटी केली, बुडाकडं पाहिलं आणि तिथं काही नाही असं बघून माझ्याकडं पाहिलं. मला आता तिथं काही कोरायचा धीर नव्हता. नाव टाक म्हणाले, त्याबिगर तुझी कशी म्हणायची. मग मी टाकी इंदापूरला नेली, मशीनवर घेतली आणि तेच दोन शब्द पुन्हा कोरले. अक्षर जरा वाकडं आलं आहे. इतक्या वर्षांत तेवढं एकच वाकडं.

भाऊबीजेला मी गेले तेव्हा आबा अंगणात गाडी चालवत होते. आधी दोन फेऱ्या, मग फाटकापर्यंत, मग डांबरीपर्यंत रिकामी गाडी. ओवाळून झाल्यावर म्हणाले, उद्यापास्नं किटली घेतो. आपलं आणि शेजारच्या दोन घरांचं, तेवढंच केंद्रावर. रात्री आईनं डोक्यावरची चुंबळ खुंटीवरून काढली आणि पोतेऱ्याच्या चिंध्यांत टाकली.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता कालव्याच्या वळणावर जाऊन उभी राहिले. ऊसतोड अजून सुरू व्हायची होती, दोन्ही बाजूंचा ऊस त्या वर्षीइतकाच उंच होता. साडेसात झाले. सावलीतून गाडीचा आवाज आला, दुसऱ्या गिअरचा, सावकाश, आणि मी बाभळीच्या बुंध्याला हात टेकला. ऊस संपला आणि आबा एकदम उन्हात आले. मी त्यांच्या तोंडाकडं पाहत होते. त्यांनी मला पाहिलं, पण गाडी थांबवली नाही. बघता बघता मी बुंधा सोडून वाटेच्या मधेच आले होते.

"सर बाजूला," ते म्हणाले. "दूध हाय."

मी सरले. टाकी हाताच्या अंतरावरून पुढं गेली. तिच्यात ऊन दिसलं नाही की माझं तोंड दिसलं नाही. आबांचे दोन्ही हात हँडलवर होते.